थोरल्याबाईंची बदकं

"आठ दिवसांत असं भरतकाम भिंतीवर टांगीन, की विहीणबाई हातातला चहा प्यायच्या विसरतील," असं थोरल्याबाईंनी घरात जाहीर केलं. आजवर त्यांनी सुई धरली होती ती बटणं लावायला आणि पोरांच्या पायातले काटे काढायला. पण हे त्यांना सांगणार कोण?

भानगड जुनी होती. लेकीच्या सासरी विहीणबाईंनी स्वतः भरलेला टेबलक्लॉथ मोठ्या हौसेनं दाखवला, तर थोरल्याबाईंनी तो सगळ्यांदेखत उलटा केला. भरतकाम पाठीवरून ओळखायचं, हा त्यांचा शिरस्ता.

"पुढून बाग आणि मागून उकिरडा," त्या म्हणाल्या.

विहीणबाई गोड हसल्या. "तुम्ही एकदा भरा. मी येईन उलटं करायला."

आणि आता रविवारी त्या खरंच येणार होत्या.

थोरल्याबाईंनी सुनेला गुरू केलं.

"सोपं आहे, आई," सून म्हणाली. "दुसुतीच्या कापडावर चौकोन मोजायचे. आधी सगळे तिरपे टाके एकीकडे झुकलेले घालायचे, परत येताना त्यांच्यावरून दुसरीकडे. झाली फुली."

"फुली मला शिकवतेस? दोन वर्षं शाळेत गेले, गुरुजींनी माझ्या पाटीवर दुसरं काही काढलं नाही."

"आणि गाठ मारायची नाही. टोक मागच्या टाक्यांखाली सरकवायचं."

"गाठ नाही मारली तर धागा काय तुझ्या शब्दावर थांबणार आहे?"

त्यांनी गाठी मारल्या. पोत्याचं तोंड बांधावं तशा मारल्या. तळ्याच्या या कडेचा निळा संपला की धागा न तोडता थेट त्या कडेला उडी. पण मोजणी चोख! शुक्रवारपर्यंत तळ्यात दोन बदकं पोहू लागली आणि एकूण एक फुली कवायतीतल्या पोरांसारखी एका दिशेला झुकलेली. मागच्या बाजूला मात्र लाल, निळ्या, पिवळ्या धाग्यांनी एकमेकांचे गळे धरले होते.

सुनेनं कापड उलटं केलं आणि हळूच विचारलं, "थोडं उसवू या?"

"काही नको. फ्रेम करू. पुढं काच, मागं पुठ्ठा, वर खिळे. मग करा म्हणावं उलटं."

बदकं मळू नयेत म्हणून ती आत ठेवून त्यांनी कापडाची घडी घातली आणि फ्रेमवाल्याला दिली. "मागची बाजू बंद करून टाक," एवढं बजावलं. घडी उलगडून नीट दाखवायचं टाळलं. त्या पाठीची त्यांना स्वतःलाच लाज वाटत होती.

रविवारी फ्रेमवाला आला तेव्हा थोरल्याबाई आत वेणी घालत होत्या. लेकानं फ्रेम टांगली आणि तेवढ्यात विहीणबाई आल्या. थोरल्याबाई पदर सावरत बाहेर येतात तो काय, भिंतीवर उकिरडा!

विहीणबाई चहाचा कप धरून समोर उभ्या होत्या. चेहरा तृप्त. "हे काय भरलंय म्हणे?"

थोरल्याबाईंनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा विहीणबाईंकडे. "वादळ," त्या म्हणाल्या. "तळ्यावरचं."

सुनेनं तोंडात पदर कोंबला.

"पुढून वादळ," विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "आता पाठ बघू." आणि फ्रेम उतरवून उलटी केली.

काचेआड दोन बदकं शांतपणे पोहत होती.

दाराशी फ्रेमवाला सुनेच्या कानात सांगत होता, "घडीत वर दिसलं ते पुढं घेतलं, ताई. हल्ली लोकांना असलंच आवडतं. पण मागं बदकं निघाली. ती पुठ्ठ्यानं झाकायला जीव होईना, म्हणून दोन्हीकडून काच घातली."

विहीणबाई बराच वेळ बदकांकडे बघत राहिल्या. "एवढी सुबक पाठ मी जन्मात पाहिली नाही."

"आमच्याकडे पाठ अशीच असते," थोरल्याबाई म्हणाल्या आणि जरा उंच झाल्या.

चहा पार गार झाला होता. विहीणबाई अडखळत म्हणाल्या, "मला हे शिकवाल? बदकं जमतील हो. पण ते वादळ..."

"शिकवीन की. त्यात काय."

गेले चार दिवस थोरल्याबाई सुई घेऊन बसल्यात. मागून बदकं नीट, पुढून वादळ. काही केल्या जमत नाही. काल त्यांनी आवाज खाली आणून सुनेला विचारलं, "अगं, ते मी नेमकं कसं केलं होतं?"

"चुकून, आई," सून म्हणाली.