साठ गुण पकडीला

इंदापूर तालुक्यात लासुर्ण्याच्या पुढे, उसाला वळसा घालून, ग्रामीण गोल्फ प्रोत्साहन मंडळाचे मैदान आहे. ते का आहे, हा प्रश्न धोरणात्मक असल्याने येथे विचारात घेतलेला नाही. तेथे म्हस्कू बारा वर्षे रोजंदारीवर गवत कापत होता आणि त्याला कायम व्हायचे होते. एवढेच त्याचे मागणे.

म्हस्कूच्या मागच्या सगळ्या पिढ्या मेंढरांमागे चाललेल्या. त्यामुळे चेंडू ढकलायचा पटर तो काठीसारखाच धरी: उजवा हात वर, डावा खाली, अंगठे कुठेही. काम आटोपले की पंधरा पावलांवरून चेंडू ढकलायचा, आणि चेंडू निमूट खळग्यात जायचा. दहातून नऊ वेळा. दहाव्या वेळी म्हस्कूला शिंक आलेली असायची.

गवत कापणाऱ्यालाही खेळाचे ज्ञान हवे, असे परिपत्रक निघाले आणि कायम होण्यासाठी परीक्षा लागली. पुण्याहून राजवर्धन साहेब परीक्षक म्हणून आले. म्हस्कूचे पाचही चेंडू आत गेले. साहेबांनी त्याला नापास केले.

"सायेब, समदं गेलं की गलात!"

"गेलं, मान्य. पण पकड बघ तुझी! साठ गुण पकडीला, तीस उभं राहण्याला, दहा पोशाखाला."

"आन् चेंडूला?"

"चेंडू मंडळाच्या कक्षेत येत नाही."

मग म्हस्कूची पाच दिवसांच्या प्रशिक्षणासाठी बारामतीला रवानगी झाली. थंडगार सभागृहात पडद्यावर शास्त्रोक्त पकड दाखवण्यात आली: तळवे समोरासमोर, अंगठे दांड्यावर सरळ, डावी तर्जनी उजव्या बोटांवर आडवी. पटर मंजूर होते, पण पुरवठा व्हायचा होता. सबब सराव लाटण्यांवर झाला. घरी आल्यावर म्हस्कू खुरपे, तांब्या, सगळेच तसे धरू लागला.

"अवो, घास तरी आपल्या हातानं खावा," बायको आक्काबाई कळवळून म्हणाली.

दुसऱ्या परीक्षेत पहिला चेंडू चरात गेला, दुसरा उसात. तिसरा कुठे गेला ते कुणी पाहिले नाही, कारण साहेब वाकून पट्टीने अंगठा मोजत होते.

"वा! शंभरपैकी शंभर!"

म्हस्कू कायम झाला. शिवाय इतरांना पकड शिकवण्याचा कार्यभारही त्याच्याकडे आला. पेढे वाटून झाल्यावर तो एकटाच मैदानावर गेला आणि दिवस मावळेपर्यंत चेंडू ढकलत राहिला. एकही आत गेला नाही. त्याला फार वाईट वाटले.

"मग जुनीच पकड धरा की," रात्री घरी आक्काबाई म्हणाली.

"धरली गं. पन आता अंगठं इचारत्यात, आमी कुठं ऱ्हायचं?"

हसलात? जरूर हसा. फक्त त्याआधी एक सांगा: परवा तुमच्या मुलीचे गणिताचे उत्तर बरोबर आले होते, तरी पुस्तकातल्या रीतीने सोडवले नाही म्हणून तिला ते खोडायला लावले, ते कोणी?