चौदा नंबरची डबी

२००८ च्या मोहाच्या हंगामात धानोऱ्याजवळच्या जंगलात वीस झाडांवर वीस डब्या बांधल्या गेल्या. ही नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रफुल सरांची करामत. डबी एरवी झोपलेली असायची. आसपासची हवा एकाएकी तापली की जागी होऊन शेजारच्या डबीला बिनतारी चुगली करायची, ती पुढचीला, असं करत बातमी थेट वनखात्याच्या नाक्यावरच्या कॉम्प्युटरपर्यंत. मनसारामला हे यंत्र फार पटलं होतं. आगीवर नजर ठेवणारा तो रोजंदारीचा रखवालदार. आठ वर्षं झाली तरी कायम नव्हता. गावोगाव फिरून त्याने बायाबापड्यांना दटावलं होतं, "फुलं वेचाले मोहाखालचा पाला जाळू नका. झाडू घ्या. नाई तं डबी सांगन!" सगळ्या गावांना सांगून झालं, घरी सांगायचं तेवढं राहून गेलं.

आज मोठे साहेब नाक्यावर डब्यांची परीक्षा घ्यायला आले होते. मनसारामला कायम करायचं की नाही, तेही आजच ठरणार होतं. चहा ओठाला लागतो न लागतो तोच कॉम्प्युटर किंचाळला.

"आग!" प्रफुल सर आनंदाने ओरडले.

"चला साहेब, मी पकडून देतो! कोन्ती डबी?" मनसाराम उठलाच.

"चौदा."

मनसारामच्या तोंडचं पाणी पळालं. चौदा नंबर त्याने स्वतः बांधली होती, घरचे ज्याची फुलं वेचत त्या आपल्याच मोहाजवळ, येता-जाता नजर राहील म्हणून.

"ते डबी खोटं बोलते, साहेब. माकडानं हालवली असन."

"तेरा आणि पंधराही तेच सांगतायत," प्रफुल सर म्हणाले.

"तिघी बी हालवल्या असतीन."

जीप निघाली. वाट सांगताना मनसारामने ती दोनदा भलत्याच वळणाला नेऊन पाहिली, पण धुराने बरोबर वाट दाखवली. मोहाखाली जमीन काळी झाली होती आणि त्याची बायको चंदाबाई टोपली घेऊन उभी होती.

"हिला ओळखतोस?" साहेबांनी विचारलं.

"नाई, साहेब."

शब्द तोंडातून गेला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षांचा संसार! सकाळी तिच्याच हातचा भात खाऊन तो निघाला होता. चंदाबाईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"मी बी याले नाई ओळखत," ती म्हणाली.

साहेबांनी मनसारामपुढे कागद धरला. "लिही पंचनामा. बाई, नाव?"

"चंदाबाई."

"नवऱ्याचं नाव?"

चंदाबाईने पदर सावरला. "आमी नवऱ्याचं नाव घेत नाई, साहेब. पन याले मालूम आहे. लिवन तो."

मनसारामने लिहिलं. लाजेने कानशिलं अशी तापली, की झाडावरची डबी पुन्हा जागी होते की काय असं त्याला वाटलं.

साहेबांनी कागद पाहिला. "अरे, सही खाली करायची. इथे तिच्या नवऱ्याचं नाव हवं."

"साहेब," मनसाराम जमिनीकडे बघत म्हणाला, "ते नवऱ्याचंच आहे."