गोठ्याची कडी आणि अस्वलाचा झगा

आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. देव राखण करतो, अशी गावाची श्रद्धा. अशा गावात खंडूअण्णांनी दार बसवलं, आणि तेही घराला नाही, गोठ्याला! वर आतून कडी. (खंडू हे त्यांचं खरं नाव नव्हे. का, ते पुढे कळेल.) सकाळ-संध्याकाळ अण्णा आत जातात, कडी घालतात आणि हरणीची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका गाईची, धार काढतात.

"अण्णा, देवावर भरवसा न्हाई का?" असं पारावर कोणीतरी विचारलंच.

"देवावर हाय," अण्णा म्हणाले. "तुमच्यावर न्हाई."

अण्णा आमचे शेजारी. मी संगमनेरची, लग्न होऊन इथे आले. माहेरी वडील कुलूप लावल्यावर ते पुन्हा एकदा ओढून बघायचे. त्यामुळे मला वाटलं, चला, या गावात आपल्या वळणाचा निदान एक माणूस आहे. पण पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "सूनबाई, ह्यात पानी हाय."

आता चहात पाणी असायचंच! पण अण्णांची ती फूटपट्टी आहे. पुढाऱ्याचं भाषण, व्याह्यांचं आमंत्रण, टीव्हीवरची मालिका, हवामानाचा अंदाज, सगळ्यांवर एकच शेरा. कीर्तनात बुवांचा गळा दाटून आला की पुढच्या रांगेतून अण्णा पुटपुटणार, "निम्मं पानी." गयाकाकू, त्यांची बायको, होत्या तोवर कोपराने ढोसायच्या. आता ढोसायला कोणी नाही, म्हणून शेरे जरा मोठ्याने येतात.

काकू गेल्या आणि हरणीने पान्हा चोरला. इतकी वर्षं काकूच धार काढायच्या. अण्णांनी हात लावला की ती लाथ झाडायची. पुण्याची लेक म्हणाली, गाय विका आणि इकडे या. घोडेगावच्या बाजारातला व्यापारी हरणीचे दात बघून गेला. आणि मग एकाएकी गोठ्याला दार लागलं आणि हरणी दूध द्यायला लागली.

गावाने काय समजायचं? जन्मभर दुसऱ्याच्या गोष्टीत पाणी शोधणारा माणूस कडी लावून आत काय करत असेल? पावडर, नळाचं पाणी, तोंडाला येईल ते लोक बोलायला लागले. एकेक घर रतीब तोडू लागलं. सगळे रतीब तुटले की हरणी बाजारात आणि अण्णा पुण्याच्या फ्लॅटमध्ये, हे उघड होतं. दूध चांगलं होतं म्हणून मी आमचा चालू ठेवला होता. पण सासूबाईंची रोजची भुणभुण, "आता आपन बी पिशवीच आनू बाई."

एका रविवारी माझी मुलगी गौरी टीव्हीवर अस्वलांचा कार्टून सिनेमा बघत होती. धारेआधी अण्णा घरोघरच्या रिकाम्या किटल्या गोळा करतात, तसे आले आणि उंबऱ्यातच थबकले.

"अस्वल पाटलून घालतंय व्हय?"

"आजोबा, कार्टून आहे ते!"

"पानी हाय."

पण गेले नाहीत. अस्वलाने गुहेला आतून कडी लावली, तेव्हा "हे आपल्यातलं दिसतंय" म्हणत टेकले. मग चौकशी सुरू झाली.

"ते पिल्लू जेवत का न्हाई गं?"

"त्याची आई वारली ना. बाबांनी भरवलं तर खातच नाही."

अण्णा किटली मांडीवर घेऊन नीट बसले. मी दिलेला चहा एक शब्द न बोलता प्यायले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मग पडद्यावरच्या त्या ढेरपोट्या अस्वलाने पिल्लाच्या आईचा फुलाफुलांचा झगा अंगात चढवला, डोक्याला तिचा रुमाल बांधला आणि ते मधाची वाटी घेऊन पिल्लापुढे बसलं. झगा पाठीवर टरकला. गौरी हसून हसून लोळली. मलाही हसू फुटलं.

"हसती काय गं?" अण्णा ओरडले. "ह्यात हसन्यासारखं काय हाय?"

पिल्लाने झगा हुंगला आणि हळूच तोंड उघडलं. अण्णांच्या मिशा थरथरत होत्या. ते माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, ह्यांना कोनी सांगितलं?"

"काय, अण्णा?"

किटली उचलून ते तरातरा निघून गेले.

दिवेलागण झाली तरी दूध आलं नाही. सासूबाई चहासाठी खोळंबलेल्या. शेवटी मीच गोठ्याकडे गेले. अण्णा त्या दिवशी कडी घालायलाच विसरले होते. हात लावताच दार उघडलं.

हरणीच्या पायाशी गयाकाकू बसल्या होत्या. क्षणभर मला खरंच तसं वाटलं. तेच हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, आणि पदराखाली पांढऱ्या मिशा! "सोड गं माजी बाय, सोड," असं काकूंच्याच लाडिक सुरात चाललं होतं. बादलीत धार वाजत होती आणि हरणी निवांत रवंथ करत होती. मला हसू आलं नाही.

अण्णांनी मला बघितलं. पदर काढायला त्यांचा हात गेला, हरणीने पाय उचलला, तसा त्यांनी तो पदर परत डोक्यावर नीट ओढून घेतला.

"धुतलं न्हाई आजून," ते हरणीच्या पोटाकडे बघत म्हणाले. "वास गेला तर ही पान्हा सोडायची न्हाई." मग बादली जवळ ओढत, "अन् मला बी करमायचं न्हाई."

त्यांनी किटली भरून दिली. मी वळले, तशी मागून हाक आली.

"सूनबाई, त्या अस्वलाचं प्वार जेवलं का शेवटी?"

"जेवलं, अण्णा. पोटभर."

"उद्या परत लाव तो पिक्चर. पानी न्हाई त्यात."

बाहेर बोळात मला शोधत आलेल्या सासूबाई मान उंच करून आत डोकावायच्या बेतात होत्या. "इतका येळ? काय करत्यात आत?"

"धार काढतायत," मी म्हणाले. "आणि उद्यापासून आपण रतीब वाढवतोय."

मग सासरी आल्यापासून पहिल्यांदाच मी एक दार ओढून घेतलं, आणि माहेरी वडील करायचे तसं, नीट लागलंय ना, ते पुन्हा एकदा ओढून बघितलं.