चिवट बिबडी

नववीत मी भूगोलाच्या पुस्तकात लपवून एक साहसकथा वाचत होतो. मगरींनी भरलेल्या खाडीत कप्तान त्या बुरखेवाल्याचा बुरखा ओढणार, तेवढ्यात सरांनी माझं पुस्तकच ओढलं. बुरख्यामागे कोण होतं, हा प्रश्न मला छत्तीस वर्षं छळतोय. (लग्नात अंतरपाट धरला तेव्हाही छळला. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.)

परवा शहाद्याला रद्दीत तेच पुस्तक सापडलं. पानं सुटी झालेली, पण होती सगळी! निवांत वाचता यावं म्हणून गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, राखायचं काम मी आपणहून मागून घेतलं. बायको, नूतन, क्षणभर घाबरलीच.

बायका ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या धोतरावर थापत होत्या. मी खुर्ची टाकून थेट खाडीत उतरलो.

"भाऊ, धोतर पुरनं नही. कागद द्या ना," शेजारच्या शोभाबाई म्हणाल्या.

मान वर न करता मी मागची पाच पानं काढून दिली. असल्या पुस्तकांच्या शेवटी केसांच्या तेलाच्या जाहिराती असतात, एवढं मला कळतं!

दीड तासाने कप्तानाने बुरख्याला हात घातला. मी पान उलटलं. पुढे नुसता पुठ्ठा.

"नूतन, मांगला पानं कथा गयात?"

"बिबड्यासना खाले शेतस. तुम्हीच दिन्हात ना!"

कागद बिबड्यांना असा चिकटला होता की सुटेना. मग एकेक बिबडी उचलून, उलटी धरून मी वाचू लागलो.

"वहिनी, भाऊले सावलीम्हा बसाडा," शोभाबाई हळूच म्हणाल्या.

पहिल्या बिबडीवर मगर मेली. दुसरीवर होडी उलटली. तिसरीवर बुरखा सुटला. चौथीवर तेलाची जाहिरात. (एक तरी होतीच की!) पाचवी बिबडी मात्र गायब. खुर्चीखाली तेवढा एक कपटा सापडला : 'बुरख्यामागे होते ते साक्षात'. पुढचं दातांनी तोडलेलं.

"पाचवी कोनी खादी?" मी ओरडलो. डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"कोनी म्हंजे? तुम्हीच," नूतन म्हणाली. "तोडी तोडी खाई ऱ्हायंतात. मी दोनदा सांगं, कागद तरी काढा."

"मंग मी काय म्हनं?"

"'यंदा बिबडी जराशी चिवट शे. मीठबी कमी.'"