नेफॅलियॉस भोईरकाका

आमच्या शेजारच्या भोईरकाकांना काहीही विचारा. ते इंग्रजी 'एन' अक्षराने सुरू होत असेल तर उत्तर तयार! नेपाळ, नायट्रोजन, नेपोलियन, सगळं तोंडपाठ. 'एम'पर्यंत आणि 'ओ'पासून पुढे मात्र माणूस पार कोरा. अंबरनाथच्या केमिकल कारखान्यात सुपरवायझर असताना त्यांना उल्हासनगरला, कॅम्प चारच्या एका रद्दीवाल्याकडे जाडजूड इंग्रजी ज्ञानकोश दिसला. "साहब, पूरा सेट नहीं है, एक ही पीस है," तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला होता. काकांनी तो एक पीस छातीशी धरून बदलापूरला, आमच्या शिरगावात आणला आणि आमच्या मजल्यावरची शांतता संपली.

त्या खंडातला त्यांचा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे 'नेफॅलियॉस'. मला तो जिन्यात, गच्चीवर आणि एकदा तर माझी दाढ सुजलेली असतानाही समजावून झालाय.

"हे बघा, प्राचीन ग्रीक लोक देवाला दारूची धार सोडायचे. पण काही देवतांना दारू बिलकुल चालायची नाही. त्यांना पाणी, दूध आणि मध. अशा पूजेला विशेषण काय? नेफॅलियॉस! सरपणसुद्धा द्राक्षाच्या वेलीचं चालायचं नाही. आणि गंमत सांगू का? ज्या देवता जास्त उग्र, त्यांनाच दारू नाही. ग्रीक काय येडे होते का?"

पुढे म्हणे शुद्धीवर असलेल्या माणसालाही हाच शब्द लावू लागले. काकांनी तर तो सगळ्या बदलापूरला लावून पाहिला. सोसायटीची थर्टी फर्स्टची पार्टी नेफॅलियॉस नाही म्हणून ते वर्गणी देईनात. निवडणुकीत एका उमेदवाराची पोरं दारात आली, तेव्हा काकांनी विचारलं, "तुमचा प्रचार नेफॅलियॉस आहे का?"

"एकदम काका! आपण सगळ्या समाजांना धरून चालतो," म्हणत पोरं पत्रक टाकून पळाली.

मी मनात म्हणायचो, रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी चाळा लागतोच. यांना हा लागला.

पण गेल्या वैशाखात काकांच्या धाकट्या भावाच्या, विलासच्या मुलीचं लग्न ठरलं आणि चाळा घरावर आला. विलासने आठ महिन्यांपूर्वी दारू सोडली होती. त्याआधी त्याची नोकरी गेली होती, बायको दोनदा माहेरी जाऊन आली होती. आता हळद. आमच्याकडे हळद म्हणजे डीजे, मटण आणि दारूच्या खोक्यांवर खोके. त्यात विलासने एक घोट घेतला असता तरी आठ महिने पाण्यात.

काकांनी जाहीर केलं, "हळद नेफॅलियॉस होणार."

भावकीत बोंबाबोंब झाली. "इज्जतीचा पार भाजीपाला केला या म्हाताऱ्याने!" तरी यायला सगळे आले, कारण मटण होतं.

अंबरनाथजवळच्या त्यांच्या गावात मांडवात मीही होतो. त्यांच्या घरात रीत अशी, की हळद लागण्याआधी थोरल्याने पितरांच्या नावाने दारूची धार सोडायची. काका तांब्या घेऊन उभे राहिले. तांब्यात दूध, पाणी आणि मध.

त्यांचे मामा ताडकन उठले. "अरे, तुझा बाप जन्मभर प्यायला, न् मेल्यावर त्याला दूध पाजतोस? लाज नाय वाटत?"

मला वाटलं, आता काका ग्रीकांना बोलावणार. मी तर खाली मान घालून तयारच होतो. पण ग्रीक आलेच नाहीत.

"वाटते ना मामा," काका म्हणाले. "माझ्या हळदीला विलास अठरा वर्षांचा होता. नको नको म्हणत होता. मी म्हटलं, माझा भाऊ ना तू? मग घे! पहिला ग्लास मी दिला त्याच्या हातात. वर हसलो पण."

डीजेवाल्याने स्वतःहून आवाज बंद केला, हे त्या गावात पहिल्यांदाच घडलं असेल. मला माझीच शरम वाटली. इतकी वर्षं या माणसाला मी जिन्यात बघून लिफ्टने जात होतो.

विलास गर्दीतून पुढे आला. नवा सदरा, दाढी नीट केलेली.

"दादा, पहिला तू दिलास. पुढचे सगळे मी घेतले," तो म्हणाला. "आण तो तांब्या."

काकांनी तांब्या दिला. विलासने धार सोडली, पण ती चुकली आणि अर्धं दूध काकांच्या पायावर सांडलं. काकांनी पाय मागे घेतला नाही.