चाचणी घंटा

शनिवारी सकाळी डॉमिंगोमामा वारले. म्हणजे तसं काही घडलेलं नाही. मामा आत्ता ओट्यावर बसून पेज जेवतायत, तेव्हा पहिलं वाक्य वाचकांनी वाचलंच नाही असं समजावं.

मालवणजवळच्या त्या वाडीत चर्चची घंटा वाजवण्याचा मान मामांच्या घराकडे होता. यंदा फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाच्या तोंडावर मामांचा खांदा धरला आणि दोर ओढवेना. "फेस्ताक घंटा धड वाजली नाय तर मान माझ्या घराक," असं कमिटीच्या पास्कोलने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. म्हणून भाचा टोनीने यंत्र बनवलं. लॅपटॉप, यूएसबी केबल, केबलच्या टोकाला नखाएवढी चिप आणि घंटेवर आपटणारा हातोडा. लॅपटॉपचा हुकूम चिप हातोड्याला पोचवणार, हातोडा "मारलं" असं चिपमार्फतच उलट कळवणार, मग पुढचा ठोका.

फेस्ताच्या आदल्या सकाळी टोनी आणि मामांची मुलगी ब्रेंडा मनोऱ्यावर चढून चाचणीला बसले. फेस्ताची घंटा घाईघाईत वाजते. यंत्राची वाजली ती अशी: टण. मग काहीच नाही. मग टण.

वाडीत अशी घंटा एकाच कारणासाठी वाजते.

"हातोडो बरो आसा, प्रोग्राम बरो आसा. मगे मधी गॅप कित्या?" टोनी डोकं खाजवत म्हणाला.

"टोन्या, लोक भायर इले रे."

"येवंदेत. केबल बदलतंय."

टण. काहीच नाही. टण.

"आता टोप्यो काढल्यानी," ब्रेंडा खिडकीतून म्हणाली.

खाली रस्त्यावर शोध सुरू झाला होता.

"कोण गेलो?"

"डॉमिंगोक इचार. घंटा तोच वाजयता."

"हो हात डॉमिंगोचो न्हय. तो इतक्या सावकाश मेल्यारय वाजवचो नाय."

"मगे दुसरो कोण कित्या वाजयता?"

एकाने छातीवर क्रूस काढला. मग सगळे मामांच्या घराकडे निघाले.

मासळी घेऊन परतलेल्या इझाबेलमामींना अंगणात रडणारी माणसं दिसली. कोण गेलं हे विचारत बसणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्याही रडू लागल्या. त्याआधीच घंटा ऐकून मामा काळा कोट चढवून मागच्या दाराने बाहेर पडले होते. रस्त्यात गर्दी दिसली, ते मागून तिच्यात सामील झाले. कुणीतरी हातात मेणबत्ती दिली.

"कोण रे गेलो?" त्यांनी पुढच्याला हळूच विचारलं.

"डॉमिंगो," तो मागे न बघता म्हणाला.

"अरेरे. कालच तर बरो होतो."

इकडे मनोऱ्यावर टोनीला उलगडा झाला. स्टँडवरची सहा आसनी रिक्षा जशी भरल्याशिवाय हलत नाही, तशी चिप हातोड्याचा एवढासा निरोप घेऊन आणखी निरोपांची वाट बघत बसत होती. त्याने थांबण्याची मुदत अगदी कमी केली. आणि अंगणात प्रार्थना सुरू होताच घंटा फेस्तासारखी दणाणली.

"मामा अजून घरात, आणि भाचो फेस्त करता!" पास्कोल गरकन मागे वळला. मागे मामा मेणबत्ती धरून उभे होते.

किंकाळ्या ओसरल्या, टोनी आणि ब्रेंडाने खाली येऊन यंत्राचं सांगितलं, तशी कमिटी तिथेच बसली. "मयताच्या घराचो मान वर्षभर कोण काढीत नाय," पास्कोल म्हणाला, "पण हो तर जितो आसा! लोकांक रडयणारा यंत्र चलाचा नाय. उद्या घंटा माझो झील वाजयतलो." त्याने आपल्या मुलाला पुढे ढकललं.

मामांनी ब्रेंडाकडून कागद मागून घेतला.

"मा. अध्यक्ष, चर्च कमिटी यांस. विषय: अर्जदारास मृत धरण्याबाबत. महोदय, आज सकाळी चर्चच्या अधिकृत घंटेवरून माझे निधन जाहीर झाले असून वाडीने ते रीतसर स्वीकारले आहे. माझ्या पत्नीनेही हरकत घेतलेली नाही. तरी मला पुढील एक वर्ष मृत समजण्यात यावे व त्या मुदतीत घंटेचा मान माझ्या घरी कायम ठेवावा, ही नम्र विनंती. आपला विश्वासू, डॉमिंगो (हयात)."