नाव पुरं लागतं

बाबरअण्णांना कुणाचंही अर्धं नाव चालत नाही. ऑफिसात फोन आला आणि समोरचा 'मी पाटील बोलतोय' म्हणाला, की अण्णा शांतपणे विचारतात, "कंचं पाटील? आमच्याकडं ढेकूळ उचललं की खाली पाटील निघतोय." मग तो बिचारा स्वतःचं नाव, वडलांचं नाव, गाव, तालुका असं सगळं सांगतो, तेव्हा कुठं फोन साहेबांकडे जातो. मलाही ते कधी नुसतं सुजाता म्हणत नाहीत. "सुजाता कांबळे, मिरज, चहा आलाय" असं म्हणतात. ऑफिसात दुसरी सुजाता नाही, दुसरी कांबळेही नाही, पण अण्णांना धोका पत्करायचा नसतो.

सांगलीत विश्रामबागेला आमचं छोटंसं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. गावोगावच्या दूध संस्थांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहितो. म्हणजे अण्णा लिहितात आणि त्यांच्या चुका मी काढते. अण्णा फौजेत सिग्नलला होते. पेन्शन घेऊन आले आणि सी भाषेच्या नादी लागले, ते लागलेच. "सी म्हंजे फौजी गडी हाय. सांगाल तेवढंच करतोय. चुकीचं सांगितलं तर चुकीचं, पर मुकाट्यानं." लग्न केलेलं नाही. का, असं विचारलं तर म्हणतात, रजा मिळाली न्हाई.

गेल्या वर्षी संस्थांच्या सचिवांना डिजिटल सह्या द्यायचं ठरलं. दुधाचा हिशोब पडद्यावर यायचा आणि सचिवानं बटण दाबलं की सही झाली. अशा प्रत्येक सहीमागे एक डिजिटल प्रमाणपत्र असतं. त्यात माणसाचं नाव, संस्था, गाव, तालुका, राज्य, देश असं सगळं बसवलेलं असतं. ते काढून बटणाच्या वर वाचता येईल असं दाखवायचं, एवढंच आमचं काम होतं. त्यासाठी सीमध्ये आयतं लिहिलेलं एक फंक्शन होतं. अण्णांनी ते लावलं, मी चालवून पाहिलं.

आधी देश, मग राज्य, अशा तिरप्या रेघा मारत मारत शेवटी माणूस आला. पण नाव मराठीत, त्यामुळे त्याच्या जागी उलटी रेघ, एक्स, ई, शून्य, पुन्हा उलटी रेघ अशी मुंग्यांची रांग लागलेली. तीही मध्येच तुटलेली, कारण मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा खातं आणि राखलेली जागा इंग्रजीच्या मापाची होती. घरच्या माणसाला कुणी शिवी दिल्यावर बघावं तसे अण्णा त्या पडद्याकडे बघत राहिले.

मग त्यांचं युद्ध सुरू झालं. ते फंक्शन काढून त्यांनी दुसरं लावलं. त्यात नाव कसं दाखवायचं ते खुणांनी सांगायचं असतं. एक खूण चढवली की क्रम सुधारायचा, पण मुंग्या तशाच. दुसरी उतरवली की मराठी यायची, पण शेवटची अक्षरं गायब. क्रमावरून तर मीच वैतागले. देश आधी आला म्हणून कुणाचं काय बिघडतं, असं मी विचारलं.

"आधी माणूस, मग मुलूख," अण्णा म्हणाले. "माणसावाचून मुलूख राखला कुणी?"

फौजी माणसाशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

तिकडे कडेगावजवळच्या एका गावातली बायकांची दूध संस्था प्रोग्रॅमची वाट बघत होती. आमचे साहेब अण्णांपेक्षा वयानं बरेच लहान, आणि घाईचे. त्यांनी सरळ तोड काढली. प्रमाणपत्रांवर नावं इंग्रजीत घाला, विषय संपला. तसं पाहिलं तर चूक काहीच नव्हतं. अण्णा साहेबांना कधी नाही म्हणत नाहीत. त्या दिवशी मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले.

"न्हाई जमायचं साहेब. तिथली सचिव माझी थोरली आक्का हाय. तिला मराठी तेवढं वाचता येतं. इंग्रजी नावाखाली बटन दाबायचं म्हंजे परत अंगठाच की वो."

साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. नाही जमलं तर इंग्रजी.

माहेरीच राहिलेल्या या हौसाक्कांनी जन्मभर अंगठाच दिला होता. शेताच्या कागदाला अंगठा, रेशनला अंगठा. दुधातलं पाणी त्या बोटावर ओळखायच्या, म्हणून बायकांनी त्यांना सचिव केलं. अण्णा फौजेतून परत आल्यावर दर शनिवारी गावी जाऊन त्यांना अक्षरं शिकवत. हे मला त्या आठवड्यात कळलं. अण्णांनी रविवारीही काम केलं आणि सोमवारी आम्ही गावाला गेलो.

संस्थेच्या खोलीत बायका किटल्या घेऊन उभ्या होत्या. आक्का नवं लुगडं नेसून कॉम्प्युटरसमोर बसल्या. पडद्यावर नाव उमटलं. अक्षरांखाली बोट धरून त्यांनी वाचलं, "हौ-सा-बाई... ज्ञान-देव... बा-बर." आणि थांबल्या. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मागून कुणीतरी म्हणालं, आक्का, दाबा की आता.

"दाबती गं. आजवर न वाचता लय दाबलं. आज वाचू दे मला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांकडे बघायला वळले तर अण्णा जागेवर नव्हते. बाहेर किटल्या धुवायच्या नळावर तोंड धूत होते. आक्का छान वाचतात, त्यांना गुरुजी चांगले मिळाले, असं मी जवळ जाऊन म्हणाले.

"कसला गुरुजी," अण्णा रुमालानं तोंड पुसत म्हणाले. "मी झालो तवा आई रानात जायाची. मला संबाळाय म्हणून आक्काची शाळा सोडवली. फुडं मी शाळंला निगालो, तवा नवी पाटी कशाला म्हणून तिचीच दिली मला. तिनं जपून ठेवलेली. स्वताचं नाव काडलं हुतं त्यावर. हौसा, एवढंच. तेवढंच शिकली हुती." त्यांनी रुमालाची घडी घातली. "मी थुकी लावून पुसलं."

आतून आक्कांचा आवाज येत होता. संस्थेचं नाव झालं होतं, गाव झालं होतं, आता तालुक्यावर आल्या होत्या. एवढ्यात आत जायला नको, असं अण्णा म्हणाले. आम्ही दोघं नळाशीच उभे राहिलो.